आवाज गेलेलं विमान

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे. माणसं आत बसतात ते नव्हे बरं का. माझे दोन्ही पंख पसरले तर दीड मीटर भरतात आणि वजन एखाद्या मोठ्या भोपळ्याइतकं. जमिनीवर उभा असलेला माणूस हातातल्या रेडिओच्या दांड्या हलवतो आणि मी आकाशात फिरतो. आणखी एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, मी भित्रा आहे. लोकांना वाटतं, जो उडतो तो शूर असणारच. छे हो! मी जन्मभर घाबरत घाबरतच उडालो. पूर्वी मी स्वतःसाठी घाबरायचो. आता दुसऱ्यासाठी घाबरतो, आणि ही दुसरी भीती पहिलीपेक्षा फार वाईट असते.

माझा जन्म सुफान बुरी नावाच्या गावातल्या एका न्हाव्याच्या दुकानात झाला. दुकान लुंग बुनमांचं. आमच्याकडे लुंग म्हणजे काका आणि पा म्हणजे मावशी. गावात त्यांना सगळे लुंग बुनमा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला पा लमय. गिऱ्हाईक नसलं की लुंग खुर्चीमागच्या फळीवर बाल्साचं हलकं लाकूड घेऊन बसत आणि जुन्या वस्तऱ्याने माझ्या फासळ्या कापत. दोन पावसाळे हे काम चाललं होतं. दुकानात केस उडायचेच, ते माझ्या डिंकात चिकटायचे. माझ्या डाव्या पंखात आजही कुणाचे तरी चार पांढरे केस आहेत. कुणाचे, ते लुंगनाही माहीत नाही.

त्यांचे हात मी तेव्हापासून ओळखतो. गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून वस्तरा असा फिरायचा की माणूस खुर्चीतच घोरायला लागायचा. पलीकडच्या बाजारपेठेतून म्हातारी माणसं मुद्दाम यायची. म्हणायची, "बुनमाच्या हाताला डोळे आहेत." दोन माणसांचं घर त्या दहा बोटांवर चालत होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्या बोटांची आहे.

माझ्या नाकात तेव्हा ग्लो इंजिन होतं. मुठीएवढं, पण आवाज असा की भाताच्या शेतातले बगळे कोसभर लांब पळायचे. त्याला एरंडेल मिसळलेलं स्पिरिट पाजावं लागायचं. डोक्यात एक बारीक तार होती, ती बॅटरी लावून लालबुंद करायची, आणि मग लाकडी दांडक्याने नाकावरची पाती जोरात फिरवायची. चार वेळा, दहा वेळा, कधी तीस वेळा. इंजिन शिंकायचं, थुंकायचं, आणि एकदम गर्जायला लागायचं. ते गर्जलं की सगळे दोन पावलं मागे सरकायचे. कुणाला काही सांगावं लागत नसे.

तरी मी घाबरायचोच. वर गेल्यावर इंजिन मध्येच बंद पडेल ही माझी कायमची भीती. ते दोनदा पडलंही. एकदा तर मी सरळ कमळांच्या तळ्यात उतरलो. लुंग गळ्याएवढ्या पाण्यात शिरले आणि मला डोक्यावर धरून बाहेर आले. "मेला नाहीस ना रे?" असं मलाच विचारत होते. एकदा इंजिनाने त्यांच्या बोटाचं नखही उडवलं. पण ते ओरडत ओरडत चावलं होतं, आणि बोट लागल्याबरोबर अडखळून स्वतःच बंद पडलं होतं. पंधरा दिवसांत नवं नख फुटू लागलं. गावभर हसण्यावारी गेलं ते.

उडण्याआधी एक रीत मात्र कधी चुकली नाही. आमच्याकडे होडीच्या, गाडीच्या, विमानाच्या नाकात मे-या-नांग राहते. ती सांभाळणारी देवी. तिला निघण्याच्या ऐन क्षणी नमस्कार करायचा असतो, आधी नाही, नंतर नाही. पा लमय दर रविवारी कुंपणावरच्या मोगऱ्याचा छोटा हार करून माझ्या नाकावर, पात्यांच्या मागे अडकवायच्या. शेतांलगतच्या उडवायच्या मैदानावर सगळी तयारी झाली की लुंग माझ्यासमोर उकिडवे बसायचे, हात जोडायचे, हलक्या बोटांनी हार काढून खिशात ठेवायचे, आणि मगच दांडकं उचलायचे. हाराशी त्यांची बोटं कितीही वेळ खेळली तरी मला काळजी नसे. इंजिन थंड असलं की मी निव्वळ लाकूड होतो.

आता उआन येतो. उआन म्हणजे जाड्या. लहानपणी होता म्हणे. आता काडीसारखा आहे, पण नाव काही सुटलं नाही. त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्याला मी अहो-जाहो करत नाही, आणि का ते तुम्हाला कळेलच. त्याचं विमान विजेवर चालायचं. बॅटरी जोडली, दांडी वर केली, की सूंऽ करून गेलं.

रविवारी चिकट भात आणि भाजलेल्या मांसाच्या काड्या खाता खाता दोघांची जुंपायची.

"बुनमा, तुझं विमान आहे की खाणावळीची चिमणी? माझ्या शर्टाला अजून एरंडेलाचा वास येतोय."

"आणि तुझं काय? चटणी वाटायचं मिक्सर!"

"मिक्सर तर मिक्सर. मी तीनदा उडून आलो, तू अजून पाती फिरवतोयस."

"अरे, इंजिन बोलतं माझ्याशी. आवाजावरून कळतं मला त्याला काय हवंय. तुझं मुकं बेणं काय सांगणार?"

मी मनात म्हणायचो, वा लुंग, सुनवा त्याला. बॅटरीला मी तेव्हापासूनच भ्यायचो. कशाला, ते माझं मलाही सांगता आलं नसतं.

मग बदकवाल्या खियावने भांडण काढलं. कापणी झालेल्या शेतात तिची आठशे बदकं चरत असत, आमच्या मैदानाला लागूनच. एका रविवारी ती बांबू घेऊन आली.

"लुंग, तुमचं हे भूत वर गेलं की माझी बदकं तीन दिवस अंडी देत नाहीत. माझ्या पोटावर पाय का देताय?"

"अगं, बदकं भितात म्हणून मी काय घरी बसू?"

"तुम्ही नका बसू. त्याला मुकं करा. उआनचं उडतं की, माझी बदकं मानसुद्धा वर करत नाहीत."

उआनला काय, आयतंच कोलीत मिळालं! त्याने मोटर दिली, बॅटरी दिली, आणि आठवडाभरात माझं नाक उघडून इंजिन बाहेर काढलं. लुंगनी ते साबणाने धुतलं, तेल लावलं, कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं.

पा लमयनी दारातून विचारलं, "अहो, नाक कापायच्या आधी मे-या-नांगला विचारलंत ना?"

"विचारलं. म्हणाली, एकदाचा वास जाईल, बरंच होईल."

"थट्टा नको. खरंच विचारलंत?"

"विचारलं गं बाई," ते म्हणाले. विचारलं होतं खरं. मी ऐकलं होतं.

इंधनाच्या टाकीच्या जागी बॅटरी बसली. ती जागा पंखाच्या खाली. म्हणजे बॅटरी जोडायची तर आधी पंख काढायचा, तार जोडायची, मग पंख ठेवून आठ रबरी पट्ट्यांनी तो आवळायचा. तार जोडली की मोटर तीनदा बारीक पिऽ पिऽ पिऽ करायची. मग गप्प. मित्रांनो, त्या गप्प बसण्यातच सगळं विष आहे. ग्लो इंजिन बंद म्हणजे बंद. त्या वेळी रेडिओची दांडी वर जावो, खाली जावो, पाती हलत नसत. विजेची मोटर बंद दिसते तेव्हाही जागी असते. दांडीला नुसता धक्का लागला तरी पुरे. आणि ग्लो इंजिन हाताला अडलं तर बंद पडतं. मोटर अडली तर आणखी जोर लावते.

उआनने हे सांगितलं होतं. एकदाच, तेही हसत. "बॅटरी जोडलीस की भरलेली बंदूक समज हां, बुनमा." लुंग म्हणाले, "तुझ्या मिक्सरला घाबरू का आता?" दोघं हसले आणि विषय संपला. एवढी मोठी गोष्ट कुणी हसत सांगतं का? म्हणून मी त्याला अहो-जाहो करत नाही.

पहिला रविवार उजाडला. लुंगनी बॅटरी जोडली, पंख बांधला, रेडिओचा पट्टा गळ्यात अडकवला आणि मला धावपट्टीच्या टोकाला नेऊन ठेवलं. आता दांडकं नव्हतं, पाती फिरवणं नव्हतं, करायचं असं काहीच उरलं नव्हतं. मग निघण्याचा ऐन क्षण कोणता? हाच. ते माझ्यासमोर उकिडवे बसले, हात जोडले, आणि हार काढायला त्यांनी बोटं माझ्या पात्यांच्या मागे घातली.

लुंग, मी जागा आहे! अहो, मी आत्ता लाकूड नाही! मी ओरडत होतो, पण ओरडणार कशाने? माझा आवाज कपाटात, कापडात गुंडाळलेला. त्यांनी शांतपणे हार काढला, खिशात ठेवला, उभे राहिले. मी उडालो. खाली बदकं मान वर न करता चरत होती. सगळे म्हणाले, काय सुंदर उडालं! मला काहीच सुंदर वाटलं नाही.

दुसऱ्या रविवारी तर जीव टांगणीलाच लागला. लुंग समोर बसले असताना मागून कुणीतरी हाक मारली. ते वळले, आणि वळताना त्यांचं कोपर दांडीला घासलं. माझी पाती अर्धा वेढा फिरली आणि थांबली. हार हलला. लुंगनी परत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वारा सुटलाय वाटतं." वारा! अहो, गवताचं पातं हलत नव्हतं. त्या आठवड्यात मी फळीवर पडल्या पडल्या मे-या-नांगला विनवत होतो. म्हटलं, आई, माझं चाक मोडू दे, पंख तडकू दे, बॅटरी फुगू दे. मला या रविवारी मैदानावर नेऊ नको. ती माझ्याच नाकात राहते, तिला ऐकू गेलं नसेल असं कसं म्हणू? पण चाक मोडलं नाही.

तिसऱ्या रविवारी लुंग खुशीत होते. हार ताजा होता, दोऱ्याची गाठ घट्ट बसली होती. ते माझ्यासमोर उकिडवे बसले. गळ्यातला रेडिओ त्यांच्या छातीवर लोंबत होता. हात जोडले. मग गाठ सोडवायला त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं आत घातली आणि नीट दिसावं म्हणून पुढे वाकले. वाकताना रेडिओ गुडघ्यावर टेकला. दांडी गुडघ्याने वर ढकलली गेली.

पुढचं मी तुम्हाला सगळं सांगणार नाही. मोटरला बोटं अडली आणि तिने आणखी जोर लावला. ती मोटर माझ्या नाकात होती, मित्रांनो. तो जोर माझा होता. मला थांबता येत नव्हतं. उआन खुर्ची पाडून धावला, लुंगच्या छातीवरचा रेडिओ ओढून त्याने दांडी खाली केली. सगळं मिळून चार श्वासांचा वेळ लागला असेल. मोगऱ्याच्या पाकळ्या माझ्या पंखावर येऊन पडल्या, त्या पांढऱ्या नव्हत्या.

लुंग ओरडले नाहीत. ते आपल्या हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "उआन, हा उजवा आहे रे."

तर्जनीचं वरचं पेर गेलं. मधलं बोट डॉक्टरांनी शिवलं, पण ते पुन्हा वाकलं नाही. दुकानाचं दार बंद झालं. मला कुणीतरी आणून आत खिळ्याला टांगलं होतं, पाती पुसून. तिथून मला रोज दिसायचं. हाताची मलमपट्टी सुटल्यावर लुंग एकटेच दुकानात यायचे, वस्तरा उजव्या हातात धरायचे, आणि तो निसटून खाली पडायचा. ते उचलायचे. पुन्हा पडायचा. टण्ण. मग तो आवाज येऊ नये म्हणून त्यांनी खाली टॉवेल अंथरला. पा लमयना घरात ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांना काय कळत नव्हतं होय? त्या भिंतीपलीकडे उभ्या असायच्या.

मला वाटायचं, एकदा तरी या माणसाने माझ्याकडे रागाने बघावं. मला पायाखाली घालून मोडावं. त्यांनी काही केलं नाही. त्यांनी वस्तरा डाव्या हातात घेतला आणि एका कच्च्या पपईला साबण लावून तिची दाढी करायला घेतली. पुढचे दोन महिने घरात सोललेल्या पपयांची कोशिंबीर होती. पा लमय म्हणायच्या, "अहो, आता दुसऱ्या एखाद्या फळाची दाढी करा, पपईचा कंटाळा आला." आणि मागच्या दारी जाऊन डोळे पुसायच्या.

एका सकाळी उआन आला. तीन महिने तो दुकानाची पायरी चढला नव्हता. सरळ खुर्चीत बसला आणि मान मागे टाकली.

"कर."

"काय करू?"

"दाढी कर. डाव्या हाताने."

लुंग म्हणाले, "अजून पपईला ओरखडे पडतात, उआन."

"पडू देत. पपईने तुला कुठे बोट गमवायला लावलं? मी लावलं. एकदाच सांगितलं, तेही दात काढत."

"तू सांगितलंस. मी ऐकलं नाही."

"बुनमा, बोलू नकोस फार. मी आधीच घाबरलोय. ही मान आहे माझी."

लुंगनी साबण लावला आणि वस्तरा डाव्या हातात घेतला. उआनने डोळे घट्ट मिटले होते आणि खुर्चीच्या दांड्या अशा धरल्या होत्या की बोटं पांढरी पडली होती. वस्तरा गळ्याला लागला. मला बघवेना, पण मला डोळे मिटता येत नाहीत. अर्धा तास लागला. हनुवटीखाली दोन ठिकाणी रक्त आलं. शेवटी उआनने आरशात पाहिलं, गाल चाचपला आणि म्हणाला, "मांजरीने चाटल्यासारखी झालीय. उद्या परत येतो." तो रोज आला. दाढी नसली तरी आला. महिनाभराने बाजारपेठेतला एक म्हातारा आला, मग दुसरा. पूर्वीइतके आता येत नाहीत. पण दार उघडतं.

मग एक दिवस लुंगनी मला खिळ्यावरून उतरवलं. नको लुंग, टांगलेलाच बरा आहे मी! पण त्यांनी मला उआनच्या हातात दिलं. उआनने माझ्या कुशीत, पंखाच्या मागच्या बाजूला एक लाल खुंटी बसवली. ती बाहेरून खोचल्याशिवाय बॅटरीची वीज मोटरपर्यंत जातच नाही, आणि खोचणारा माणूस माझ्या मागे उभा असतो, समोर नाही.

रीत मात्र पा लमयनी बदलली. त्या पहिल्यांदाच मैदानावर आल्या होत्या. म्हणाल्या, "मे-या-नांगला मी सांगितलंय. यापुढे नमस्कार आधी, वीज शेवटी. आणि रेडिओ माझ्या हातात."

"निघण्याच्या ऐन क्षणी करायचा असतो गं नमस्कार," लुंग हळूच म्हणाले. "ती रुसेल."

"रुसू दे. तुमच्या बोटापुढे मला तिचं रुसणं मोठं नाही. तिला समजतं ते."

लुंगनी थंड, बिनविजेच्या माझ्यापुढे हात जोडले. हार काढला. पा लमय रेडिओ घेऊन वीस पावलं लांब उभ्या होत्या, दांडीवर बोट दाबून, ओठ दाबून. लुंग माझ्या मागे आले. खुंटी खोचण्याआधी त्यांनी मैदानभर नजर फिरवली आणि असे काही ओरडले की बदकंसुद्धा उडाली, "लांब व्हा! जिवंत आहे!"

पिऽ पिऽ पिऽ. सगळे मागे सरकले. लुंगनी वीस पावलं चालत जाऊन पा लमयच्या हातून रेडिओ घेतला.

मी उडालो. एक फेरी, दोन फेऱ्या, आणि खाली आलो. लुंगनी रेडिओ पा लमयना परत दिला, मागून येऊन खुंटी उपसली, ती सगळ्यांना हात वर करून दाखवली, खिशात घातली. तरीही ते पुढे आले तेव्हा माझ्या नाकापासून हातभर अंतरावर थांबले. त्यांना पुढे येववेना.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली कथा संपवताना म्हणतात, आमची काळजी घ्या, आमच्यावर माया करा. मी तसं म्हणणार नाही. माझा रंग उडाला तरी चालेल, धूळ बसली तरी चालेल. पण जे यंत्र गप्प आहे ते झोपलंय असं समजू नका. हात घालायच्या आधी त्याची वीज तोडा, आणि कुणाला धोका सांगायचा असेल तर हसत सांगू नका. माया करायचीच असेल तर नंतर करा, आधी मला भ्या. लुंग बुनमांनी माझ्यावर एकोणीस वर्षं माया केली. तीनच रविवार ते मला भ्यायले असते, तर आज त्यांच्या उजव्या हातात वस्तरा असता.